सुताराच्या हातचा मनोरा : एडिनबराचे स्कॉट स्मारक

स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिनबरात, प्रिन्सेस स्ट्रीट हा मुख्य रस्ता. त्याच्या एका अंगाला दुकानांची रांग आणि दुसऱ्या अंगाला उतारावरची मोठी बाग. या बागेच्या काठावर काळाकुट्ट दगडी मनोरा उभा आहे. खाली चार प्रचंड टोकदार कमानी, त्यांच्यावर निमुळते होत गेलेले मजले आणि प्रत्येक मजल्याच्या कोपऱ्यांवर कोरीव कळस. उंची २०० फूट ६ इंच, म्हणजे ६१ मीटरहून थोडी अधिक. नवख्या प्रवाशाला हे एखाद्या कॅथेड्रलचे शिखर वाटते आणि तो बाकीची इमारत शोधू लागतो. इमारत नाही. कमानींच्या मधोमध पांढऱ्या संगमरवरात एक माणूस बसला आहे. अंगावर मेंढपाळ घेतात तसे जाड वस्त्र, हातात लेखणी, पायाशी कुत्रा. हा सर वॉल्टर स्कॉट, कादंबरीकार.

लेखकाच्या नावाने जगात जी स्मारके उभी राहिली, त्यांत उंचीने याचा क्रमांक दुसरा लावला जातो. पहिले क्यूबातील हवाना शहरात, कवी होसे मार्ती यांचे. पण मार्ती हे त्यांच्या देशाचे स्वातंत्र्यवीरही होते, आणि ते स्मारक विसाव्या शतकातले. स्कॉटचा मनोरा १८४६ सालचा. तो किती मोठा होता हे त्याच काळातल्या दुसऱ्या स्मारकाशेजारी ठेवले की कळते. लंडनच्या ट्रफाल्गर चौकातील नेल्सनचा स्तंभ १८४३ मध्ये पुरा झाला. नेपोलियनच्या आरमाराला धूळ चारणाऱ्या सेनापतीला इंग्लंडने सुमारे १७० फुटांचा स्तंभ दिला. स्कॉटलंडने गोष्टी सांगणाऱ्या माणसासाठी त्याहून ३० फूट उंच मनोरा बांधला, तोही लोकांकडून वर्गणी काढून. त्याचा आराखडा मात्र कोणा नामवंत वास्तुविशारदाचा नव्हता. तो होता एका मेंढपाळाच्या मुलाचा, पेशाने सुतार असलेल्या माणसाचा. मला या स्मारकाचे सर्वांत मोठे नवल उंचीत नाही, इथे वाटते.

आधी स्कॉटविषयी. जन्म १५ ऑगस्ट १७७१, एडिनबरा. दीड वर्षाचा असताना पोलिओने उजवा पाय अधू झाला, म्हणून हवापालटासाठी त्याला दक्षिणेकडे, इंग्लंडच्या सीमेजवळच्या मुलखात आजोबांच्या शेतावर पाठवले. तिथे आत्याच्या आणि आजीच्या तोंडून त्याने लढायांच्या, दरोड्यांच्या, पळवून नेलेल्या गुरांच्या आणि वधूंच्या कहाण्या ऐकल्या. पुढे वकिली केली, सेल्कर्कशायर जिल्ह्याचा शेरीफ झाला, पण त्या कहाण्या काही डोक्यातून गेल्या नाहीत. खेडोपाडी हिंडून त्याने सीमाभागातले पोवाड्यांसारखे लोकगीतांचे धन गोळा केले आणि १८०२-०३ मध्ये छापले. या कामात त्याचा साथी होता जॉन लेडन. हा लेडन पुढे हिंदुस्थानात आला आणि त्याने हाती घेतलेले बाबराच्या आत्मचरित्राचे भाषांतर त्याच्या अकाली मृत्यूनंतर मुंबईत राहिलेल्या विल्यम अर्स्किन यांनी तडीस नेले. स्कॉट आधी कवी म्हणून गाजला. मग १८१४ मध्ये ‘वेव्हर्ली’ नावाची कादंबरी निघाली. तिच्यावर लेखकाचे नावच नव्हते.

त्या काळी कवीचा मान मोठा होता. कादंबरी हा हलका प्रकार समजला जाई. न्यायालयातल्या सन्माननीय अधिकाऱ्याने असले काही लिहावे हे शोभणारे नव्हते. म्हणून स्कॉटने नाव लपवले, आणि पुढच्या कादंबऱ्याही ‘वेव्हर्लीचा लेखक’ एवढ्याच ओळखीवर निघत राहिल्या. अंदाज सगळ्यांना होता, कबुली कोणालाच मिळत नव्हती. शेवटी फेब्रुवारी १८२७ मध्ये एडिनबरातल्या एका जाहीर मेजवानीत त्याने उघडपणे सांगितले की हे सारे लेखन माझेच. तोवर तेरा वर्षे गेली होती आणि या निनावी लेखकाला युरोपभर वाचक मिळाले होते.

एडिनबराच्या माणसांना स्कॉट एवढा आपला का वाटला याची कारणे पुस्तकांबाहेरही आहेत. इंग्लंड आणि स्कॉटलंड १७०७ मध्ये एक झाल्यावर स्कॉटलंडचा राजमुकुट, राजदंड आणि तलवार एडिनबराच्या किल्ल्यातल्या एका बंद खोलीत, पेटीत ठेवली गेली होती. शंभर वर्षांत ती आहेत की नाहीत हेही कोणाला ठाऊक नव्हते. १८१८ मध्ये स्कॉटच्या खटपटीने ती खोली उघडली, पेटी फोडली आणि राजचिन्हे जशीच्या तशी सापडली. १८२६ मध्ये लंडनच्या सरकारने स्कॉटिश बँकांच्या एक पौंडाच्या नोटा बंद करायचे ठरवले, तेव्हा त्याने टोपणनावाने खरमरीत पत्रे लिहून तो बेत हाणून पाडला. बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटांवर आजही त्याचा चेहरा असतो.

त्याच १८२६ साली स्कॉटवर आभाळ कोसळले. ज्या छापखान्यात आणि प्रकाशनसंस्थेत त्याचा पैसा गुंतला होता त्या बुडाल्या आणि त्याच्या माथी सुमारे १ लाख २० हजार पौंडांचे कर्ज आले. दिवाळे जाहीर करून मोकळे होण्याची वाट खुली होती. मित्रांनी मदत देऊ केली. त्याने दोन्ही नाकारले आणि लेखणीने कर्ज फेडायला बसला. नेपोलियनचे नऊ खंडांचे चरित्र, कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या, आजोबाने नातवाला सांगाव्यात तशा स्कॉटलंडच्या इतिहासकथा. हात चालेनासा झाला तेव्हा मजकूर सांगून लिहवून घेतला. २१ सप्टेंबर १८३२ रोजी तो गेला तेव्हा बरेच कर्ज फिटले होते. उरलेले त्याच्या पुस्तकांच्या हक्कांतून पुढे फिटले. सावकारांचा पैसा बुडू न देता झिजून मेलेल्या या माणसाविषयी साध्या दुकानदारालाही आदर वाटावा हे साहजिक होते. वर्गणी त्यातून उभी राहिली.

१८३६ मध्ये स्मारकासाठी स्पर्धा जाहीर झाली. पन्नासहून अधिक आराखडे आले. कोणी ग्रीक मंदिर काढले, कोणी स्तंभ, कोणी नुसताच पुतळा. पहिल्या तिघांना प्रत्येकी ५० गिनींचे बक्षीस होते. त्या तिघांत एक आराखडा ‘जॉन मॉर्वो’ या नावाने आला होता. असा वास्तुविशारद शहरात कोणालाच माहीत नव्हता, कारण तो जिवंतच नव्हता. मॉर्वो हा मध्ययुगातला गवंडी. सीमाभागातल्या मेलरोझ मठाच्या भग्न भिंतीवरच्या शिलालेखात त्याचे नाव कोरलेले आहे. ते नाव उसने घेतले होते जॉर्ज माइकल केम्प या सुताराने. आपल्याकडे ना पदवी, ना मोठ्या घराण्याची ओळख. खऱ्या नावाने पाठवले तर कोणी बघणारही नाही, ही त्याची धास्ती.

केम्पचा जन्म १७९५ चा. वडील मेंढपाळ. दहा वर्षांचा असताना त्याने रॉसलिन येथील नक्षीदार चॅपेल पाहिले आणि दगडातून असे काही घडू शकते याचे वेड घेतले ते कायमचे. पीबल्सजवळच्या खेड्यात त्याने सुतारकाम शिकून घेतले. उमेदवारी संपल्यावर हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तो कामाच्या शोधात गॅलाशील्सकडे पायी निघाला, तेव्हा वाटेत एका घोडागाडीतल्या सद्गृहस्थांनी त्याला आत घेतले. ते सद्गृहस्थ म्हणजे वॉल्टर स्कॉट, असे सांगतात.

पुढची अनेक वर्षे केम्पने जे केले त्याला मी शिक्षणच म्हणेन. तो सुतारकाम करत गावोगाव फिरला. पण गाव निवडताना मजुरी किती मिळते हे न पाहता तिथे टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीतले जुने चर्च आहे का हे पाहायचा. स्कॉटलंड झाले, इंग्लंड झाले, मग फ्रान्स. दिवसा रंधा मारायचा आणि उरलेल्या वेळी कॅथेड्रलसमोर बसून कमान कशी पेलली आहे, भार कोणत्या खांबावर उतरतो, कळस कुठे सुरू होतो, हे कागदावर उतरवायचे. लाकडात हात बसलेला असल्याने तो नुसते चित्र काढत नसे. सांधा कसा बसला आहे हे त्याला कळे. एडिनबरात परतल्यावर विल्यम बर्न या प्रतिष्ठित वास्तुविशारदासाठी त्याने एका राजवाड्याची मोठी लाकडी प्रतिकृती घडवली. मेलरोझ मठाची त्याची रेखाटने तर अनेकदा झाली होती. स्पर्धेतला त्याचा मनोरा याच मठाच्या कमानी, खांब आणि नक्षी मनात धरून रचलेला आहे.

आणि मेलरोझ हे स्कॉटचेही गाव. त्याचे ॲबट्सफर्डचे घर तिथून जवळ. त्याने आपल्या पहिल्या दीर्घ काव्यात हा मठ चांदण्यात दाखवला आणि तेव्हापासून प्रवाशांची रीघ लागली. मठाची पडझड थांबावी म्हणून दुरुस्तीमागे लागला तोही तोच. म्हणजे एकाच पडक्या मठापाशी दोन माणसे शिकली: एकाने तिथून गोष्टी उचलल्या, दुसऱ्याने बांधणी. दोघांनीही आपले सर्वांत मोठे काम जगापुढे मांडताना स्वतःचे नाव झाकले. समितीने हे सारे हिशेबात घेऊन निवड केली असे म्हणता येणार नाही, पण स्कॉटला शोभणारा आराखडा ग्रीक मंदिराचा नव्हता, हा असाच होता.

पहिल्या फेरीत समितीचे समाधान झाले नाही. पुन्हा आराखडे मागवले. केम्पने आपला आराखडा सुधारून दिला आणि १८३८ मध्ये तो मंजूर झाला. या अनोळखी सुताराच्या हाती एवढे काम द्यावे का, यावर कुरबुर झाली. हे उभे राहील का, अशीही शंका निघाली. ज्या बर्नकडे त्याने काम केले होते त्याने केम्पच्या बाजूने कौल दिला.

१५ ऑगस्ट १८४० रोजी, स्कॉटच्या जन्मदिवशी, कोनशिला बसली. बागेची ती जागा पूर्वी एका तळ्याचा खोलगट भाग होती, त्यामुळे पाया पक्क्या खडकापर्यंत न्यावा लागला. दगड आला वेस्ट लोथियनमधल्या बिनी नावाच्या खाणीतून. अतिशय बारीक कणांचा वालुकाश्म. छिन्नीला सुबक उतरणारा. पण काम पैशासाठी अडत राहिले. १८४४ मध्ये लंडनला मोठा नृत्यसमारंभ भरवला गेला, त्यात उमराव-सरदार स्कॉटच्या पात्रांचे वेश घालून आले, आणि तो पैसा मनोऱ्याला लागला. एकूण खर्च १६ हजार पौंडांवर गेला.

याच काळातली एक गोष्ट स्मारकाच्या गौरवगाथांत फारशी येत नाही, ती यायला हवी. बारीक वालुकाश्म घडताना उडणारी धूळ फुफ्फुसात बसते आणि पाथरवट खोकून खोकून मरतो. आज या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. एडिनबराचे नवे, देखणे शहर ज्यांनी घडवले त्या पाथरवटांपैकी कितीतरी जण तरुणपणीच गेले. शहरातल्या सर्वोत्तम पाथरवटांपैकी २३ जणांचा बळी एकट्या स्कॉट स्मारकाने घेतला, असे तेव्हा बोलले गेले. इतकी नाजूक नक्षी, इतक्या कमी जागेत, इतक्या दगडांवर. धूळ किती उडाली असेल याची कल्पना ती नक्षी जवळून पाहताना येते.

खुद्द केम्पही मनोरा पुरा झालेला पाहू शकला नाही. ६ मार्च १८४४ च्या रात्री दाट धुक्यात घरी परतताना तो युनियन कालव्यात पडून बुडाला. याच कालव्याने शहरात दगड आणि कोळसा येई. प्रेत सापडायला काही दिवस लागले. वय ४८. त्याला स्मारकाखालीच पुरावे असा विचार होता, पण ऐनवेळी तो फिरला आणि जवळच्या सेंट कथबर्ट चर्चच्या आवारात दफन झाले. राहिलेल्या कामावर त्याचा मेहुणा विल्यम बॉनर याने देखरेख केली. त्याच वर्षी हिवाळ्याआधी शेंड्यावरचा शेवटचा दगड बसला. तो बसवला केम्पच्या मुलाने, टॉमसने. तो तेव्हा लहान मुलगाच होता.

ऑक्टोबर १८४४ मध्ये, काम संपत आले असताना, छायाचित्रणाचा एक जनक विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट तिथे आला आणि त्याने मनोऱ्याचे छायाचित्र घेतले. पुढच्या वर्षी त्याने स्कॉटच्या मुलखातल्या छायाचित्रांचे पुस्तक काढले, त्यात ते आहे. बांधकाम चालू असताना छायाचित्रात पकडल्या गेलेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या स्मारकांपैकी हे एक. लोकार्पण झाले १५ ऑगस्ट १८४६ रोजी, पुन्हा जन्मदिवशीच.

कमानींखालचा पुतळा जॉन स्टील याचा. इटलीतल्या काराराचा ३० टनांचा एकच संगमरवरी ठोकळा आणून त्याने तो कोरला. मूर्ती मनुष्याच्या दुप्पट आकाराची आहे. स्कॉट लिहिता लिहिता थांबला आहे, पुस्तकावरून नजर वर उचललेली, आणि त्याचा लाडका कुत्रा मैदा मान वर करून त्याच्याकडे बघतो आहे. मैदा खरोखरचा, ॲबट्सफर्डला त्याची कबर आहे. इतर थोर माणसांचे पुतळे घोड्यावर बसतात किंवा भाषणाच्या आविर्भावात उभे राहतात. इथे काम करत असलेला लेखक दाखवला आहे, आणि मला स्टीलची ही निवड फार मोलाची वाटते. या पुतळ्याची ब्राँझ प्रतिकृती न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्येही आहे.

मग वर बघायला लागायचे. मनोऱ्यावर कोनाडेच कोनाडे आहेत आणि बहुतेकांत स्कॉटच्या पुस्तकांतली माणसे उभी आहेत. जमिनीवरून ६४ पुतळे दिसतात; आणखी चार इतके वर आहेत की ते नीट पाहायचे तर दुर्बीण हवी. या साऱ्या पुतळ्यांत राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट आहे, जिप्सी म्हातारी मेग मेरिलीज आहे, आयव्हॅन्हो आणि रिबेका आहेत, रॉब रॉय आहे, सिंहहृदयी रिचर्ड आणि त्याचा प्रतिस्पर्धी सलादीनही. जीनी डीन्स आहे: बहिणीला फाशीतून सोडवण्यासाठी स्कॉटलंडहून लंडनपर्यंत जाऊन राणीपुढे उभी राहिलेली साधी गवळ्याची मुलगी. डँडी डिनमाँट हा शेतकरी आहे, ज्याच्यावरून टेरियर कुत्र्यांच्या एका जातीला नाव पडले. पुतळे सगळे एकदम बसले नाहीत. पैसा जमेल तसे पुढच्या कित्येक वर्षांत ते भरत गेले. खालच्या खांबांवर स्कॉटलंडच्या १६ कवी-लेखकांची मस्तके कोरली आहेत, त्यांत रॉबर्ट बर्न्स आणि बायरन. स्मारक स्कॉटचे, पण आपल्या आधीच्यांना आणि बरोबरच्यांना त्यात जागा आहे. सगळी मोजदाद केली तर ९३ माणसे, दोन कुत्री आणि एक डुक्कर भरते. स्कॉट आणि मैदा त्यात धरलेले नाहीत.

मनोरा काळा का, हे विचारले जातेच. बांधला तेव्हा तो फिकट पिवळसर होता. बिनीच्या दगडात नैसर्गिक तेलाचा अंश असतो आणि त्याला काजळी चिकटून राहते. एडिनबरा धुराड्यांचे शहर, आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी रेल्वे स्टेशन. वाफेच्या इंजिनांनी वर्षानुवर्षे धूर ओकला. गंमत अशी की स्टेशनाचे नावही वेव्हर्ली, स्कॉटच्या कादंबरीवरून. विसाव्या शतकाच्या अखेरीस दुरुस्ती निघाली तेव्हा तो धुऊन काढावा का यावर बराच खल झाला. प्रयोग करून पाहिल्यावर कळले की काजळी काढताना दगडाचा वरचा थरही जातो आणि कोरीव कामाची धार बोथट होते. म्हणून तो काळाच ठेवला. झिजलेल्या ठिकाणी बसवायला बंद पडलेली बिनीची खाण पुन्हा उघडून तोच दगड काढला. त्यामुळे आज नीट पाहिले तर काळ्या अंगावर मधेच एखादी बदामी कमान, एखादा फिकट कळस दिसतो. मूळ रंग तो.

सगळ्यांना हा मनोरा आवडला असे नाही. चार्ल्स डिकन्सला तो चर्चचा कळस उपटून जमिनीत रोवल्यासारखा दिसला. कलासमीक्षक रस्किननेही नापसंती दाखवली. डिकन्सचे म्हणणे दुरून पाहताना पटण्याजोगे आहे. पण कमानीखाली उभे राहिले की मत बदलते, कारण तिथे उघड्यावर असूनही छताखाली आल्यासारखे वाटते, आणि चारी बाजूंनी शहर दिसत राहते. मुंबईकर वाचकाला ही बांधणीची भाषा परकी नाही: राजाबाई टॉवर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, उच्च न्यायालय यांच्या टोकदार कमानी आणि कळस जुन्या गॉथिक शैलीच्या त्याच पुनरुज्जीवनातले, फक्त पुढच्या पिढीतले.

मराठीशी स्कॉटचा संबंध दगडातून नाही, पुस्तकांतून आला. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिकलेल्या पिढीने त्याला आवडीने वाचले. इतिहासातल्या खऱ्या राजापेक्षा त्याच्या अवतीभवतीचा सामान्य तरुण नायक करायचा आणि त्याच्या डोळ्यांनी मोठ्या घडामोडी दाखवायच्या, ही स्कॉटची रीत. हरि नारायण आपटे यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची चर्चा करताना समीक्षक त्याचे नाव घेत आले ते यामुळेच. बंगालात बंकिमचंद्रांबाबतही तेच झाले. आज स्कॉट फारसा वाचला जात नाही. लांबलचक सुरुवात आणि स्कॉटिश बोलीतले संवाद यांपुढे वाचक थकतो. ज्याला सुरुवात करायची त्याने ‘हार्ट ऑफ मिडलोथियन’ घ्यावी, पहिली काही प्रकरणे धीराने काढावीत, आणि जीनी डीन्स भेटेपर्यंत सोडू नये.

मनोऱ्यावर चढता येते. २८७ पायऱ्या, चक्राकार जिन्याच्या. पहिल्या टप्प्यावर रंगीत काचांच्या खिडक्यांची एक खोली आहे, तिथे स्कॉट आणि केम्प दोघांची माहिती मांडलेली आहे. दम घ्यायला ती जागा बरी. त्यानंतर जिना अरुंद होत जातो आणि शेवटच्या टप्प्यात खांदे दोन्ही भिंतींना लागतात, समोरून कोणी उतरत असेल तर एकाने मागे सरकावे लागते. गुडघे दुखणाऱ्यांनी पहिल्या सज्जावर समाधान मानावे. वरून पश्चिमेला किल्ला दिसतो, जिथे स्कॉटने राजमुकुटाची पेटी उघडवली; पूर्वेला काल्टन टेकडी, आणि हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला फोर्थची खाडी. वारा मात्र बारा महिने असतो, तेव्हा टोपी खालीच ठेवून जावे.